इंजिन धाकट्याचं, क्लच थोरल्याचा

आमच्या कोकणात एका आंब्याच्या झाडाची वाटणी होते. पूर्वेकडच्या फांद्या आमच्या, पश्चिमेकडच्या चुलत्यांच्या, आणि मधल्या एका फांदीपायी दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. विहिरीची वाटणी होते, पायवाटेची होते, गणपतीसुद्धा एक वर्ष ह्यांच्याकडे आणि एक वर्ष त्यांच्याकडे बसतो. पण मोटारसायकलची वाटणी झालेली मी माझ्याच माहेरी पाहिली, डिलाईल रोडला, चाळीतल्या खोलीत, चहा-खारी ठेवून, गावच्या शहाण्यासुरत्या माणसांसमोर.

मी सुभद्रा, लवू फिटरची मुलगी. दोन भावांच्या मधली. थोरला दत्ताराम, त्याला मी दादा म्हणते. धाकटा धनेश. बाबा मिलमध्ये फिटर होते आणि तिथला पारशी विव्हिंग मास्तर देश सोडून गेला तेव्हा त्याने आपली विलायती फटफटी बाबांना देऊन टाकली, कारण ती बाबांशिवाय कोणाकडूनच चालू होत नव्हती. टाकीवरचा बिल्ला आधीच पडलेला होता, त्यामुळे चाळीत तिचं नाव नुसतं ‘विलायती’ पडलं. बाबांनी ती चालवायला शिकवली फक्त मला. दादा तिला घाबरायचा. धनेशचे पाय पोचायचे नाहीत, आणि पोचायला लागले तेव्हा त्याला स्कूटर हवी होती.

बाबा गेले. खोलीवरचा हक्क मी लगेच सोडला, सगळ्या बहिणी सोडतात तसा. रजिस्ट्रारच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा दिला, सही केली, आणि बाहेर आल्यावर दादाने मला उसाचा रस पाजला. धनेशने त्यात बर्फ नको म्हणून सांगितलं, माझा घसा धरतो म्हणून. एवढं प्रेम.

मग राहिली गाडी. ती विकायला कोणी तयार नाही, एकमेकाला द्यायला त्याहून नाही. तेव्हा आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष शामरावकाका मध्ये पडले. काकांनी जिन्याखाली जाऊन गाडी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. ह्या जुन्या गाडीचं असं आहे की इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, दोन स्वतंत्र पेट्या. डाव्या अंगाला एक झाकण असतं. त्याच्या आत इंजिनाचं छोटं दातेरी चाक, मागे क्लचचं मोठं दातेरी चाक, आणि दोघांवरून फिरणारी एक चेन. इंजिनाची ताकद त्या चेनने मागे जाते. काकांना त्या दोन पेट्यांमधली फट दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हयसर मेर पडता,” काका म्हणाले. मेर म्हणजे शेताचा बांध. “मेरेच्या फुडला धनेशाचा. मेरेच्या मागला दत्तारामाचा.”

झालं. पुढचं चाक, हॅण्डल, दिवा, इंजिन धनेशचं. गिअरबॉक्स, क्लच, सीट, मागचं चाक दादाचं. टाकी आणि मधली चेन सामाईक. बँकेच्या लॉकरचे कागद व्हावेत तशा गंभीरपणे सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी, बहुतेक चुकून, विचारलं की सुभाला काय.

“सुभाक मान,” काका म्हणाले.

गावी पालखीला कसं, पहिला नारळ ह्या घराचा, निशाण त्या घराचं, तसा मान. दरवर्षी पाडव्याला गाडी चालवण्याचा मान सुभद्रेचा. सगळे म्हणाले, व्हय. घर भावांना आणि मान बहिणीला, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे आणि मी त्या दिवशी ती हसून घेतली. खरं सांगते, मला आनंदच झाला होता. मला खोली नको होती. गिरगावात माझं सासर आहे, छप्पर आहे. मला बाबांची गाडी एकदा पाडव्याच्या मिरवणुकीत चालवायची होती. आमच्या वाडीसमोरून दरवर्षी नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या बायका गाड्या घेऊन जातात आणि मी गॅलरीत उभी राहून त्यांचे गिअर ऐकते. अर्ध्याजणी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलतात आणि मला वरून ओरडावंसं वाटतं.

पण मान मिळाला म्हणजे गाडी मिळाली असं नसतं. एका पाडव्याला बाबांचं वर्ष झालं नव्हतं. एका पाडव्याला दादाच्या अर्ध्याचा टायर बसला होता. पुढच्याला धनेशच्या अर्ध्यात ठिणगी येत नव्हती, आणि दादा म्हणाला की माझा अर्धा तयार आहे, मला बोलू नका. मधल्या काळात दोघांपैकी एकाचाही मला फोन नाही. भाऊबीजेला दोघांचाही ‘ओवाळल्याचं समज’ असा मेसेज यायचा, त्यावर दिव्याचं चित्र.

ह्या वर्षी मात्र वेळ निघून चालली होती. चाळ पुनर्विकासाला गेली. पाडवा झाला की सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या, दादाने एका टोकाला जायचं, धनेशने दुसऱ्या. आणि गाडी? ती मेरेवर उघडायची आणि ज्याने त्याने आपापला अर्धा टेम्पोत घालून न्यायचा, असं ठरलं होतं. हे मला वहिनीकडून कळलं, तेही ती पुरणाच्या डाळीचं प्रमाण विचारत होती म्हणून. मी त्याच दिवशी डिलाईल रोडला गेले. म्हटलं, ह्या पाडव्याला माझा मान द्या, नाहीतर सगळ्या चाळीसमोर मी कशी भांडते ते बघा. माझ्या गुडघ्यात अजून किक मारण्याइतका जीव आहे, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही.

दोघेही म्हणाले, अगं चालव की, आम्ही कुठे नाही म्हणतो.

घोडपदेवचा बुद्धभूषण आला. हा मेकॅनिक आहे, आणि आपण मुंबईतले शेवटचे मेकॅनिक आहोत असं त्याचं स्वतःबद्दल मत आहे. त्याने डाव्या अंगाचं झाकण उघडलं, लोखंडी पट्टी काढली, दोन्ही चाकांवर आडवी धरली आणि वाकून बघितलं. मीही वाकले. बाबा मला हेच शिकवायचे. पट्टी दोन्ही चाकांना सपाट टेकली पाहिजे, खालून उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला की चेन तिरकी चालते, ओरडते, क्लचचा डबा एका बाजूला खेचते, आणि मग क्लच दाबला तरी सुटत नाही. मिरवणूक म्हणजे माणसाच्या चालीने चालणार. पुढे ढोलवाली पोरं. क्लच सुटला नाही तर मी सरळ ताशांत.

पट्टीखाली उजेड होता. नखाच्या जाडीचा, पण चांगला ठळक.

“होणारच,” बुद्धभूषण म्हणाला. “इंजिन कोणी खोललं होतं?”

धनेशने खोललं होतं, म्हणजे आपल्या माणसाकडून करून घेतलं होतं. गिअरबॉक्स दादाने आपल्या माणसाकडून. दोघांनी आपापला अर्धा वेगवेगळ्या दिवशी उतरवला, चकाचक केला आणि परत चढवला. मधल्या चेनकडे कोणी बघितलं नाही, ती सामाईक होती ना.

“इंजिनाचं चाक नखभर आत बसलंय,” तो म्हणाला. “सोपं आहे. इंजिनाच्या चाकामागे एक वायसर घालतो, ते बाहेर येईल. नाहीतर क्लचच्या मागचा वायसर काढतो, क्लच आत जाईल. दोनपैकी एक सांगा. चहा येईपर्यंत करतो.”

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

“म्हणजे वाकडं कोणाचं?” दादाने विचारलं.

“वाकडं कोणाचंच नाही. एक दुसऱ्याच्या रेषेत आणायचं.”

“कोणाला कोणाच्या?”

दादा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होता. घंटी मारायची, तिकीट फाडायचं आणि गाडी कशी चालवावी हे ड्रायव्हरला मागून सांगायचं, ही त्याची नोकरी. तो म्हणाला की क्लच जिथे आहे तिथेच बाबांनी बसवलेला आहे, तो हलणार नाही, इंजिनाने बाहेर यावं. धनेश मॉलमध्ये सुपरवायझर आहे, बाबांची मिल होती त्याच जागेवरच्या मॉलमध्ये, आणि फोनवर गोऱ्या लोकांचे गाडी खोलण्याचे व्हिडिओ बघतो. तो म्हणाला की जगात सगळीकडे इंजिन हे मूळ धरतात, क्लचने त्याच्या रेषेत यावं, पाहिजे तर दाखवतो. आणि त्याने खरंच फोन काढला.

“थोरल्याक धाकट्याच्या रेषेत आणतंस?” दादा मालवणीत शिरला. तो मालवणीत शिरला की समजायचं, तास गेला.

“तुझो अर्धो वाकडो तर मी काय करू?”

“माझो अर्धो सरळ आसा.”

“मग माझो पण सरळ आसा.”

बुद्धभूषण दोघांकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, “मला वायसर घालायचाय, वायसर. तुमच्या जमिनीत दगड नाही पुरायचा.” पण त्याला कोणी जुमानलं नाही, आणि हा अपमान त्याने मनात ठेवला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

शामरावकाकांना बोलावलं. काकांनी उघड्या चेनकेससमोर पाट मांडला, त्यावर पानाचा विडा, सुपारी, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. चाळीतली माणसं जिन्यावर गोळा झाली.

“बा देवा म्हाराजा,” काका सुरात आले, “आज ह्या लवूच्या झिलांनी बापाशीची फटफटी उघडल्यानी हा. तेंची चेन उतराक देव नको, कलच घसराक देव नको, काय चुकला-माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” जिन्यावरून सगळे.

मग नारळ. नारळ कुठे फोडायचा ह्यावर वाद झाला, कारण पुढे फोडला तर मान धनेशच्या चाकाला आणि मागे फोडला तर दादाच्या. काकांनी तोडगा काढला आणि मध्ये फोडला. मध्ये म्हणजे थेट चेनकेसच्या कडेवर. पाणी सगळं आत गेलं, क्लचच्या चकत्यांवर. बुद्धभूषणने कपाळावर हात मारून घेतला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझं डोकंच सटकलं.

“मेल्यांनो,” मी म्हटलं, “बाबा असते तर दोघांना ह्या चेनने झोडलं असतं. नखभर, अरे नखभर सरकायचंय, आणि तेही तुम्हाला नाही, लोखंडाला. मला चार वर्षं मान देताय तुम्ही. मान काय खायचा असतो? तुमची खोली सोडली, सही दिली, एक शब्द बोलले नाही. एक दिवस गाडी मागितली. नका देऊ. तुमचे अर्धे अर्धे घेऊन जा आणि उशाला घेऊन झोपा.”

मी चपला घातल्या आणि गिरगावला आले. रात्री जेवले नाही, ह्यांनी दोनदा विचारलं. रडले, हे सांगायला मला लाज नाही.

आता माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. झाला नसता तर बरं झालं असतं. दोन्ही भावांना लागलं, आणि आमच्या घरातल्या पुरुषांना लागलं की ते थोर होतात. दादाने दुसऱ्याच दिवशी बुद्धभूषणला फोन केला. म्हणाला, मी थोरला, मीच पडतं घेतो, माझ्या क्लचमागचा वायसर काढ, पण धनेशला बोलू नकोस. पाडव्याला त्याला कळू दे मोठा भाऊ काय असतो. बुद्धभूषण आला, नारळाचं पाणी पुसलं, वायसर काढला. दादाने तो वायसर धुऊन, हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला, अन्नपूर्णेच्या शेजारी. वहिनी रोज त्याला फूल घालत होती.

दोन दिवसांनी त्यालाच धनेशचा फोन. म्हणाला, ताई रडली म्हणे, मला नाही ऐकवत, दादाचं वय झालंय, मीच माघार घेतो. माझ्या इंजिनाच्या चाकामागे वायसर घाल. पण दादाला सांगू नकोस. बुद्धभूषण आला, वायसर घातला आणि गेला. धनेशने त्याच संध्याकाळी फोनवर स्टेटस ठेवलं, ‘नात्यासाठी कधी कधी झुकावं लागतं’. खाली हात जोडलेले, मागे सूर्य मावळतोय.

म्हणजे काय झालं बघा. इंजिनाचं चाक नखभर आत होतं. ते नखभर बाहेर आलं आणि क्लचही नखभर आत गेला. पट्टीखाली तेवढाच उजेड, फक्त दुसऱ्या बाजूने.

हे कळलं पाडव्याच्या आदल्या दुपारी. मला दोघांनीही निरोप पाठवला, ये, गाडी तयार आहे. दोघांच्याही आवाजात साखर. मी गेले तर दोघेही जिन्याखाली इस्त्रीचे शर्ट घालून उभे, दोघांच्याही चेहऱ्यावर सत्काराला आल्यासारखं हसू. मी किक मारली. दुसऱ्या किकला विलायती उठली आणि तो आवाज ऐकून बाबा कामावर निघाल्यासारखं वाटलं. मग मी क्लच दाबून पहिला टाकला. चेन डुकरासारखी किंचाळली, गाडीने धाडकन उडी मारली आणि समोर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन बंद पडली. कुरडया दोघांच्याही नव्हत्या, तळमजल्यावरच्या माईंच्या होत्या. त्यांनी जे ऐकवलं ते दोघांना सारखं वाटून घ्यावं लागलं.

झाकण उघडलं. पट्टी लावली. मी बुद्धभूषणकडे बघितलं.

“दादा बोलला काढ, कोणाला बोलू नको. मी काढला,” तो म्हणाला. “धनेश बोलला घाल, कोणाला बोलू नको. मी घातला.”

“अरे पण लाईन?”

“लाईन मला कोणी विचारली? पहिल्या दिवशी मी सांगत होतो तेव्हा माझं कोणी ऐकलं? गिऱ्हाईक बोलतं तसं करतो मी. गुपित ठेवायला सांगितलं, ठेवलं.” त्याने समाधानाने खिशातून तंबाखूची पुडी काढली.

एवढं झाल्यावर माणसं हसतील ना? एकमेकांच्या गळ्यात पडतील, म्हणतील काय आपण खुळे. मला क्षणभर तसं वाटलंसुद्धा. दादा म्हणाला, “धन्या, तू माझ्यासाठी वायसर घातलास?” धनेश म्हणाला, “दादा, तू काढलास?” दोघांचे डोळे भरले. मी पदर कमरेला खोचला, म्हटलं चला, आता एकजण आपला परत घ्या आणि विषय संपवा.

“मी दिलेलं परत घेत नाही,” दादा म्हणाला.

“मग मी पण नाही,” धनेश म्हणाला. “मी मनापासून केलंय.”

“मी काय वरवर केलंय? देव्हाऱ्यात ठेवलाय तो. देवाकडचं काढून गाडीत घालू?”

“दादा, तू मोठा आहेस, तू घे परत.”

“मोठो आसंय म्हणानच नाय घेऊचंय.”

आधी कोणी सरकत नव्हतं. आता सरकलेलं कोणी मागे येईना. पहिलं भांडण हट्टाचं होतं, त्याला काही लाज तरी होती. हे त्यागाचं भांडण होतं आणि त्याला अंतच नव्हता. आई गेली तेव्हा दवाखान्यात कोण किती वेळ बसलं होतं इथपर्यंत ते गेलं. तेव्हा आईपाशी मी बसले होते, पण ते आठवायला दोघांना सवड नव्हती. वाद घालत घालत ते वर गेले, शामरावकाकांना फोन लावायला. जिन्याखाली मी, गाडी आणि बुद्धभूषण राहिलो.

“हत्यारं दे,” मी म्हटलं.

“तुम्ही करणार?”

“फिटरची मुलगी आहे मी. दे.”

त्याने पाने दिले, पुलर दिला, वायसरांचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. मग उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

“काय झालं रे?”

“मी बघत नाही. बघितलं तर दोघं मला विचारतील कोणाचा. मला परत ह्यांच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. तुम्ही कराल ते तुम्हालाच माहीत.”

असा तो पाठ करून बसला. मी फतकल मारली आणि कामाला लागले. एक तर धनेशचा वायसर काढायचा होता, नाहीतर दादाच्या क्लचमागे डब्यातला दुसरा, तेवढ्याच जाडीचा घालायचा होता. दोन्हींत फरक काही नाही. गाडीला कळणारही नाही. मी त्यातलं एक केलं. चेन चढवली, पट्टी धरली, डोळा जमिनीपर्यंत नेला. उजेड नव्हता. चेन बोटाने वर-खाली करून बघितली, चाकं फिरवून पुन्हा बघितली, कारण चेन एका जागी सैल आणि एका जागी घट्ट असते. मग क्लचच्या स्प्रिंगा एकेक अर्धा आटा फिरवत बसले. क्लच दाबला की वरची चकती सगळीकडून सारखी उचलली पाहिजे, एका बाजूने तोंड वाकडं करता कामा नये. बाबा म्हणायचे, घाई करू नकोस, ती सांगते. सांगितलं तिने. चौथ्या-पाचव्या खेपेला चकती सरळ उठली आणि सरळ बसली. मी झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि हात घासलेट लावून पुसले.

किक मारली, पहिला टाकला. गाडी जागची हलली नाही. क्लच सोडला तशी चालली, लोण्यासारखी.

आवाज ऐकून दोघे जिन्यावरून धावत खाली आले. गाडी कशी झाली हे नाही विचारलं. दादाने विचारलं, “कोणाचा काढलास?” आणि धनेशने विचारलं, “कोणाचा ठेवलास?”

मी म्हटलं, उद्या सकाळी येते, टाकी भरून ठेवा.

पाडव्याला मी नऊवारी नेसून, नथ घालून, फेटा बांधून डिलाईल रोडवरून निघाले. मागून धनेशच्या स्कूटरवर दोघे. बाबा गेल्यापासून हे दोघे एका सीटवर बसलेले मी पाहिले नव्हते, पण आपापल्या अर्ध्यावर लक्ष ठेवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर शेजारी आली. दादा मागून ओरडला, “सुभा, नुसतं सांग, माझा वायसर परत घातलास काय?” हिरवा लागला आणि मी गेले.

गिरगावात मिरवणुकीत लागले. पुढे ढोल, मागे लेझीम, मध्ये आम्ही बायका. मुंगीच्या पावलाने चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. बाकीच्या पोरींच्या नव्या गाड्या होत्या, तरी दोघींच्या बंद पडल्या. माझी नाही. क्लच दाबला की सुटायचा, सोडला की धरायचा. इतक्या वर्षांनी, चालीच्या वेगात, हाताला तेच ओझं. ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर ह्यांनी गॅलरीतून हात केला आणि मी बघितलंसुद्धा नाही, मी इंजिन ऐकत होते. मी त्या दिवशी सुखी होते. ह्याहून नेमका शब्द मला सापडत नाही. गुलाल डोळ्यांत गेला म्हणून पाणी आलं असं मी शेजारच्या मुलीला सांगितलं आणि तिने ऐकलं.

मिरवणूक संपली तेव्हा दोघे वाडीच्या तोंडाशी उभे होते. मी गाडी स्टॅण्डला लावली.

“आता सांग,” दादा म्हणाला.

“काय?”

“कोणाचा त्याग राहिला?” हे वाक्य माझा भाऊ शुद्ध मराठीत बोलला, आणि त्याला स्वतःला हसू आलं नाही.

“झाकण उघडून बघा,” मी म्हटलं.

दोघांनी झाकणाकडे बघितलं. मग एकमेकांकडे. उघडायचं म्हणजे कोणीतरी एक खोटा ठरणार, त्याचा त्याग बहिणीने परत फेकला असं गावभर होणार. आणि तो आपण नसूच अशी दोघांपैकी एकाचीही खात्री नव्हती. दादाने रुमालाने मान पुसली. धनेश म्हणाला, आत्ता कुठे, सणाचा दिवस. त्या दिवशी झाकण उघडलं नाही. चाळ रिकामी झाली, दोघांचे टेम्पो दोन दिशांना गेले, तरी कोणी विलायती मेरेवर उघडायला आलं नाही. ती आमच्या वाडीत, माझ्या जिन्याखाली आहे. रविवारी मी तिला चौपाटीपर्यंत नेते.

फोन मात्र येतात. दादाचा सकाळी, देवपूजा झाल्यावर. धनेशचा मॉलमधून, जेवणाच्या सुट्टीत. चार वर्षांत ज्यांनी मला नुसतं दिव्याचं चित्र पाठवलं ते दोघे रोज फोन करतात. आधी इकडचं तिकडचं बोलतात. दादा म्हणतो, नव्या जागी पाणी सकाळीच येतं, तुझ्याकडे कसं आहे. धनेश विचारतो, ताई गुडघा काय म्हणतो. त्यांना माझ्या गुडघ्याशी घेणं नाही, हे मला कळतं, पण विचारतात. मी सगळं सविस्तर सांगते, गोळी कुठली घेते तेही सांगते, आणि ते ऐकून घेतात, कारण शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो. मग हळूच, आवाज खाली आणून विचारतात. कोणाचा?

बुद्धभूषण परवा तेल बदलायला आला होता. म्हणाला, सांगून टाका ना एकदा, काय फरक पडतो.

काय फरक पडतो त्याला काय सांगू. ज्या दिवशी सांगेन त्या दिवसापासून फोन येणार नाहीत.